पुसणाऱ्यांना एक सवाल

‘ओळ पुसली, चाचणी पास!’ असं म्हणून चहाला उठणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे : तिच्या पोराबाळांचं काय? कॉडसाहेबांनी १९७० सालच्या निबंधात ‘फॉरेन की’ सांगितली आणि तक्त्यांची सोयरीक जुळली. सोयरीक आली की मागची निस्तरानिस्तर आलीच. ग्राहक पुसला, तर ‘कास्केड’मध्ये बिलंही त्याच्यामागं जातात, ‘रिस्ट्रिक्ट’मध्ये तीच दारात आडवी पडतात, ‘सेट नल’मध्ये निनावी उरतात. एसक्यूलाइटला ही नाती पाळणं २००९पासून येतं. पण दर जोडणीला ‘प्राग्मा’ची तंबी दिल्याशिवाय ते सहसा ढिम्म! एकही बिल नसलेल्या ग्राहकावर डिलीट चालवणं ही चाचणी नव्हे, करमणूक आहे. मयत पोचवून आलात, उत्तम. पण घरच्यांची विचारपूस कराल की नाही?