इशारा पाड्यापर्यंत आला पाहिजे



पाऊस तोंडावर आलाय. हवामान खातं पिवळा, नारंगी, लाल इशारा देईल. खाली महाळुंग्यात तो मोबाईलवर वाजतो. वर ताम्हिणीच्या अंगाला ज्या पाड्यावर रेंजच नाही, तिथं लाल काय नि पिवळा काय, सारखंच.

३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं. दीडशेवर माणसं गेली. गाव दिसेना म्हणून बाहेर खबर दिली ती एसटीच्या ड्रायव्हरनं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली, आपल्या ठाकर भावांची वाडी. दरडीच्या धोक्याच्या यादीत तिचं नावच नव्हतं. रस्ता नव्हता, मदतवाले डोंगर चढून गेले.

म्हणून ग्रामसभेत ठराव करा: आमचा पाडा तपासा, यादीत घ्या. लाल इशारा असला की माणूस पाठवून सांगा. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे रस्त्याला, समाजमंदिराला वनजमीन मिळते. शिफारस ग्रामसभेची लागते. ती द्या.

"घर सोडलं तर दावा जाईल," असं बरेच जण म्हणतात. कलम ४(५) सांगतं, दाव्याची तपासणी पुरी होईस्तोवर हुसकावता येत नाही. रात्रीपुरतं खाली उतरलं म्हणजे जमीन सोडली असं नव्हे. दाव्याची पोच प्लास्टिकात बांधून संगं घ्या.

जमिनीला भेग पडली, झाड कललं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर फोनची वाट बघू नका. थाळी वाजवा. म्हातारी माणसं, पोरं आधी उतरवा. जमिनीसाठी लढायचं तर आधी जगलं पाहिजे.