वाघोलीला थांबा

रविवारी सकाळी नगर रस्त्यावरून बाहेर पडणाऱ्या पुणेकराला वाघोलीत एकच ध्यास असतो : कोंडी कधी सुटते! कुणाला रांजणगावचा गणपती गाठायचा असतो, कुणाला रिसॉर्ट. गावातलं वाघेश्वराचं देऊळ, तिथलं तळं आणि पिलाजीराव जाधवरावांची समाधी पाहायला थांबणारे फार थोडे.

पिलाजीराव हे छत्रपती शाहूंच्या विश्वासातले सरदार. १७२९ मध्ये छत्रसालांच्या मदतीला बाजीराव बुंदेलखंडात धावून गेले, तेव्हा पिलाजीराव त्यांच्यासोबत होते. त्याच मोहिमेमुळे मराठ्यांच्या इतिहासात आलेली मस्तानी आज पाबळला चिरनिद्रा घेते आहे. पाबळही याच बाजूला, शिरूर तालुक्यात. वाघोलीहून थोडं पुढे गेलं की भीमा-इंद्रायणीच्या संगमावरचं तुळापूर आणि वढू बुद्रुक. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजी महाराजांची क्रूर हत्या केली, त्या बलिदानाची ही ठिकाणं. कोरेगाव भीमाचा जयस्तंभ १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब आंबेडकर तिथे आले होते. केसनंदमार्गे वळलात तर थेऊर. चिंतामणीच्या सान्निध्यात थोरल्या माधवरावांनी १८ नोव्हेंबर १७७२ ला प्राण सोडला. संभाजी महाराजांच्या बलिदानापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंतचा सारा काळ वाघोलीच्या अंगणात आहे. डबा बांधून सकाळी निघालेलं कुटुंब त्यातलं बरंच काही पाहून दिवेलागणीला घरी परतू शकतं. पुण्याजवळ याहून मोलाची एक दिवसाची सहल मला तरी माहीत नाही.

ती टिकवायची तर आत्ताच जागं व्हायला हवं. २०२१ मध्ये वाघोली महापालिकेत आली. शेतं आणि माळ जाऊन इमारती उभ्या राहिल्या. पुणे-शिरूर उन्नत मार्गालाही मंजुरी मिळाली आहे. रस्ता हवाच, कोंडीत रोज अडकणाऱ्यांचे हाल खरे आहेत. पण गाड्या डोक्यावरून जाऊ लागल्या की खाली काय आहे, हे विचारायलाही कुणी उरणार नाही. ज्या जागेला माणसांची ये-जा नसते, तिच्यावर अतिक्रमण व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून वाघोली, खराडी, लोहगावच्या सोसायट्यांना कळकळीची विनंती : पुढची सहल वाघेश्वरापासून सुरू करा. तळ्यात निर्माल्य आणि प्लॅस्टिक टाकू नका, टाकणाऱ्याला अडवा. शिक्षकांनो, मुलांना वॉटर पार्कला जरूर न्या, पण त्याआधी तुळापूर-वढूला न्या. आणि महापालिकेकडे आपण सगळे मिळून लेखी मागणी करू : समाधीपाशी माहितीचा मराठी फलक, तळ्याची नियमित सफाई आणि उन्नत मार्गाच्या आराखड्यात वाघेश्वराकडे पायी जाण्याची सुरक्षित वाट. प्रत्येक सोसायटीने याच महिन्यात आपल्या सभेत हा ठराव करावा आणि सह्यांसह क्षेत्रीय कार्यालयात द्यावा.