पत परत मिळवण्याची वाट बँकेच्या मर्जीवर नको

सामान्य माणसाने कायद्याने दिवाळखोर व्हावे, कर्जातून सुटावे आणि पुन्हा उभे राहावे, ही सोय आपल्याकडे कागदावर आहे, व्यवहारात नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठीच लिहिलेला आहे. वर्षाचे उत्पन्न 60 हजारांच्या आत, मालमत्ता 20 हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाचे 35 हजारांपर्यंतचे कर्ज माफ करून त्याला नव्याने सुरुवात करू द्यावी, अशी तरतूद त्यात आहे. दिवाळखोरीचा आदेश निघाल्यावर वर्षभरात मुक्ततेचा आदेश मिळावा, हेही त्यात नमूद आहे. पण 1 डिसेंबर 2019 पासून हा भाग लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. बाकीच्यांसाठी मुंबईत 1909 चा आणि उर्वरित महाराष्ट्रात 1920 चा नादारीचा कायदा अजून शिल्लक आहे. पगारदार माणूस किंवा छोटा दुकानदार त्या कायद्याच्या वाटेला सहसा जात नाही. तो सेटलमेंट करतो. वसुलीच्या फोनना कंटाळून, दागिने मोडून, भावाकडून उसने घेऊन तो बँकेला एकरकमी पैसे देतो आणि उरलेल्या रकमेवर बँक पाणी सोडते. आपल्याकडची वैयक्तिक दिवाळखोरी ती हीच. फरक इतकाच, की कायदेशीर दिवाळखोरीत सुटकेची एक तारीख ठरलेली असते. सेटलमेंटमध्ये पैशांचा हिशेब संपतो, पण नोंदीचा हिशेब चालूच राहतो.

ही नोंद कशी दिसते ते पाहा. सिबिल या पतमाहिती कंपनीच्या अहवालात प्रत्येक कर्जखात्याखाली छोटे चौकोन असतात, महिन्याला एक, असे तीन वर्षांपर्यंतचे. हप्ता वेळेवर गेला असेल तर चौकोनात तीन शून्ये, नसेल तर किती दिवसांची थकबाकी आहे तो आकडा. वर खात्याची स्थिती लिहिलेली असते. पूर्ण फेडलेले खाते ‘क्लोज्ड’, तडजोडीने मिटवलेले ‘सेटल्ड’. पतमाहिती कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षे जपावी लागते, त्यामुळे ‘सेटल्ड’ हा शिक्का तितकी वर्षे माणसाच्या मागे राहतो. 300 ते 900 या पट्टीवर साडेसातशेच्या वर गुण असले की बँका हसून स्वागत करतात. सेटलमेंट केलेला माणूस त्याच्या कितीतरी खाली असतो. आणि आता या गुणांचा वापर कर्जापुरता उरलेला नाही. पूर्वीच्या थकबाकीच्या कारणावरून एका उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. पत गेली की नोकरीचे एखादे दारही बंद होऊ शकते, इथपर्यंत गोष्ट आलेली आहे.

मग पत पुन्हा मिळवायची कशी? जुनी नोंद पुसता येत नाही. ‘सिबिल सुधारून देतो’ म्हणत पैसे उकळणारे एजंट गल्लोगल्ली आहेत, पण खरी नोंद त्यांच्यापैकी कोणालाही काढता येत नाही. चुकीची नोंद असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला एजंट लागत नाही. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो आणि तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खरी नोंद मात्र तशीच राहते. तिच्याशेजारी नवी, चांगली नोंद उभी करणे एवढेच हातात असते, आणि त्यासाठी कोणीतरी आधी नवे खाते द्यावे लागते. कर्ज मिळाल्याशिवाय नोंद नाही आणि नोंद असल्याशिवाय कर्ज नाही. या कोंडीतून बाहेर पडण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित रस्ता म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड. ते देणे न देणे आज बँकेच्या मर्जीवर आहे. माझे म्हणणे असे, की सेटलमेंट पूर्ण केलेल्या प्रत्येकाला ते हक्काने मिळाले पाहिजे.

हे कार्ड चालते अगदी साधेपणाने. समजा, कोणी 20 हजारांची मुदत ठेव केली. बँक तिच्यावर लीन टाकते, म्हणजे कार्ड चालू असेपर्यंत ती ठेव मोडता येत नाही, आणि ठेवीच्या 80 टक्के धरले तर 16 हजारांची मर्यादा देते. ठेवीवर व्याज चालूच राहते. या कार्डावर महिन्याला वीजबिल, गॅस आणि थोडा किराणा मिळून चार हजारांचा खर्च करायचा, म्हणजे मर्यादेच्या पाव हिस्सा. मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत राहावे, असे जाणकार सांगतात ते यासाठी, की कार्ड काठोकाठ वापरणारा माणूस अडचणीत आहे असे गुण देणारी पद्धत समजते. बिल आले की मुदतीच्या आत पूर्ण चार हजार भरायचे. व्याज शून्य. अहवालात नव्या खात्याखाली तीन शून्यांचा एक चौकोन. 12 महिन्यांत असे 12, तीन वर्षांत पूर्ण ओळ. यात बँकेचा धोका किती? माणसाने बिल भरलेच नाही तर बँक ठेवीतून वसूल करते. म्हणून मला हा प्रश्न दयेचा वाटत नाही. ज्या कर्जात बुडण्याची भीती जवळपास नाही, ते नाकारण्याचे कारणही बँकेपाशी उरत नाही.

इथे कोणी विचारेल, कार्डच कशाला? पतसंस्थेतून कर्ज काढून प्रामाणिकपणे फेडले तर? महाराष्ट्रात हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे तालुक्यातालुक्यात पतसंस्था आहेत आणि बँकेने दार लावलेल्या अनेकांना त्यांनीच हात दिला आहे. पण पतसंस्थांवर नियंत्रण राज्याच्या सहकार खात्याचे असते, रिझर्व्ह बँकेचे नव्हे. बहुतेक पतसंस्थांची माहिती सिबिलपर्यंत पोचत नाही. तिथे दहा वर्षे एकही हप्ता न चुकवणारा माणूस बँकेच्या संगणकाला दिसतच नाही. भिशीचेही तेच. सोनेतारण कर्जाची नोंद होते, पण ते बऱ्याचदा मुदतीअखेरीस एकदम फेडले जाते, त्यामुळे दर महिन्याच्या शिस्तीचा पुरावा त्यातून तयार होत नाही. तो पुरावा कमीत कमी खर्चात कार्डच देते.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की कार्डानेच ज्याला बुडवले त्याच्या हातात पुन्हा कार्ड देणे क्रूरपणाचे आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. वरच्याच उदाहरणातला माणूस चार हजारांऐवजी बिलावर ठळक छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरू लागला तर काय होते? पाच टक्के धरले तर ती 200 रुपये येते. महिन्याला साडेतीन टक्के दराने व्याज 140 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 25 रुपये. भरलेल्या 200 पैकी मुद्दलात जातात जेमतेम 35. शिवाय पुढच्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही गेली. या व्याजाला लगाम घालण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांची मर्यादा सांगितली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा धोका खरा आहे. पण ठेवीवरच्या कार्डात या धोक्याला तळ आहे. 20 हजारांच्या ठेवीवर दोन लाखांचे कर्ज होऊ शकत नाही आणि मर्यादा वाढवून देण्याचे आमिष दाखवायला बँकेला जागा नसते. उरलेला धोका नियमाने कमी करता येतो. अशा कार्डांवर किमान रकमेची सवलत ठेवूच नये. बचत खात्यातून पूर्ण बिल आपोआप वळते होण्याची सूचना कार्ड देतानाच घ्यावी. एखाद्या महिन्यात खात्यात पैसे कमी पडले, तरी मुदत उलटून तीन दिवस होईपर्यंत बँकेला थकबाकीची नोंद करता येत नाही, हे कार्डधारकाला मराठीत लिहून सांगावे. ज्याला स्वतःचा भरवसा नाही त्याने कार्ड घेऊ नये, हे खरेच आहे. पण ते त्याने ठरवावे.

दुसरा आक्षेप प्रामाणिक कर्जदारांचा आहे आणि तो मनापासून येतो. पोटाला चिमटा घेऊन आम्ही हप्ते भरले, बुडवणाऱ्याला मात्र नवी सोय? या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे. ठेवीवरच्या कार्डाने जुनी नोंद पुसली जात नाही. ‘सेटल्ड’ तसाच राहतो, आणि जो बँकेने सोडून दिलेली रक्कम पुढे भरून खाते ‘क्लोज्ड’ करून घेतो, तो ‘सेटल्ड’ शिक्का असलेल्याच्या पुढेच असतो. पण चूक केलेल्याला सात वर्षे काहीही सिद्ध करू न दिल्याने प्रामाणिकांच्या पदरात काय पडते? बँकेने नाकारलेला माणूस कर्ज घ्यायचे थांबत नाही. तो खासगी सावकाराकडे जातो, मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपकडे जातो आणि पहिल्यापेक्षा खोल बुडतो.

सिबिलच नको, असे म्हणणारा तिसरा वर्ग आहे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे बँकांना बजावले. शेतकऱ्याची थकबाकी पावसावर आणि भावावर ठरते. तिथे हा आग्रह चूकच आहे. पण शहरातल्या पगारदाराचे किंवा दुकानदाराचे कर्ज असे आदेशाने सुटणार नाही. बँक गुण पाहायचे सोडणार नाही, फार तर दुसऱ्या कारणाखाली अर्ज फेटाळेल. त्यापेक्षा गुण वाढवण्याची वाट खुली केलेली अधिक टिकाऊ.

ती वाट खुली करायला संसदेत नवा कायदा लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या चौकटीनुसार, तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक शेतीबाहेरच्या बाबतीत किमान 12 महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. पूर्ण ठेवीच्या तारणावर दिलेले छोटे कार्ड या बंदीतून वगळता येईल. किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते देणे बँकांना बंधनकारक आहे. त्याच धर्तीवर पाच-दहा हजारांच्या ठेवीवर, वार्षिक शुल्काशिवाय आणि जुने गुण न पाहता एक मूलभूत कार्ड देणे बंधनकारक करता येईल. जुन्या बँकेने थकबाकीपोटी नवी ठेव वळती करू नये यासाठी एकच पथ्य लागेल: आधी सेटलमेंट पूर्ण, नो ड्यूज प्रमाणपत्र हातात, मग ठेव. आज हे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी कर्जदाराला शाखेत खेटे घालावे लागतात. शेवटचा पैसा जमा झाल्याच्या दिवशीच ते देणे आणि त्यासोबत या कार्डाचा अर्ज पुढे करणे, हे बँकेचे काम ठरवावे.