सायरन वाजतो, पण बघतो कोण?

कॉलेजच्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या हप्त्यावर असतात. हप्ता कोणाचे बाबा भरतात, कोणी पार्ट टाइम काम करून स्वतः भरतो. गाडी चोरीला गेली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे हजार-दोन हजारांत ‘अँटी थेफ्ट’ अलार्म बसवून निवांत व्हावं, असं वाटणं साहजिक आहे. पण ते पैसे नेमके कशाचे देतोय, हे आधी बघा.

बाजारात मिळणाऱ्या त्या डबीत बहुधा तीन गोष्टी असतात. हादरा ओळखणारा सेन्सर, सायरन आणि इंजिनाचा करंट तोडणारा रिले. पहिल्या दोन मिळून अलार्म होतो. तिसरी गोष्ट म्हणजे इमोबिलायझर. अलार्म फक्त ओरडतो, इमोबिलायझर गाडी सुरूच होऊ देत नाही. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकलं जातं, म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

आता सायरनचं बघा. सेन्सर जास्त संवेदनशील ठेवला, तर घुग्घुस किंवा बल्लारपूर रोडवर कोळशाचा ट्रक शेजारून गेला तरी तो बोंबलतो. कमी ठेवला, तर खरा चोर आला तरी गप्प राहतो. आणि दिवसातून चारदा उगाच वाजणाऱ्या सायरनकडे पाचव्यांदा कोण वळून बघतं? तुम्ही तरी बघता का?

इमोबिलायझरचा उपयोग मात्र खरा आहे. पुरावा हवा असेल तर अमेरिकेतलं ‘किया चॅलेंज’ आठवा. तिथे २०१५ च्या मॉडेलांमध्ये इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर होता, ह्युंदाई आणि कियाच्या फक्त २६ टक्के मॉडेलांत. ही फट टिकटॉकवरच्या व्हिडिओंनी जगजाहीर केली आणि २०२१-२२ मध्ये पोरासोरांनी या गाड्या पळवायचा सपाटा लावला. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांनी फुकट सॉफ्टवेअर अपडेट जाहीर केलं. शेजारच्या कॅनडात २००७ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, त्यामुळे ही साथ तिथे पसरली नाही.

पण तो कंपनीतून बसून आलेला इमोबिलायझर होता. त्यात चावीतली चिप आणि इंजिनाचा कंट्रोल युनिट एकमेकांना ओळखतात. बाहेरून बसवलेल्या डबीत मूळ वायर कापून जोड दिला जातो. सगळा भरवसा त्या जोडावर आणि तो देणाऱ्या हातावर. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, नंतर धो धो पाऊस. नुसती टेप गुंडाळलेला जोड यात सैल होतो, गंजतो. मग चोरासाठी लावलेला रिले तुमचीच गाडी बंद पाडतो. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीच्या जंगलात अंधार पडताना गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शिवाय अशी वायर कापली की कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

मग जीपीएस ट्रॅकर? तो उपग्रहाकडून जागा ओळखतो, पण ती तुमच्या मोबाइलवर पाठवायला त्यातल्या सिमला नेटवर्क लागतं. भामरागड-एटापल्लीकडे जिथे तुमचा फोन मुका होतो, तिथे ट्रॅकरही मुकाच. दुसरा धोका वेगळा आहे. जुलै २०२२ मध्ये मायकोडस कंपनीच्या एमव्ही-७२० या स्वस्त ट्रॅकरबद्दल अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने इशारा दिला. त्याचा मूळ पासवर्ड होता १२३४५६ आणि दूर बसून गाडीचं इंधन तोडण्याची सोयही त्यात होती. २०१९ मध्ये पँडोरा आणि व्हायपर या महागड्या अलार्मच्या ॲपमध्येही अशीच भोकं सापडली. परक्या माणसाला तुमचं खातं ताब्यात घेता येत होतं. कुलूपच चोराला दार उघडून देऊ लागलं तर काय करायचं?

म्हणजे काहीच लावू नये का? तसं नाही, पण क्रम बदला. आधी रोज हँडल लॉक. मग जाड साखळी किंवा डिस्क लॉक. साखळी खांबाला अडकवा, कारण इमोबिलायझर टेम्पोत उचलून टाकलेली गाडी थांबवू शकत नाही. नवी गाडी घेणार असाल तर कंपनीचा इमोबिलायझर आहे का, हे मायलेजइतकंच ठासून विचारा. बाहेरून बसवायचंच असेल तर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. पुण्याच्या एआरएआयची मान्यता आहे का? रिमोटचा कोड दर वेळी बदलतो का? गाडी चालू असताना रिले इंजिन तोडू शकतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर सरळ निघा. ट्रॅकर घेतला तर पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आज घरी जाऊन विम्याचा कागद काढा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे पाच वर्षं बिनघोर, असं अनेकांना वाटतं. पण थर्ड पार्टी विम्यात चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी लागणारा ‘ओन डॅमेज’ विमा बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो आणि गुपचूप संपतो. तो चालू असेल आणि गाडी गेलीच, तर ११२ ला फोन करा, त्याच दिवशी एफआयआर नोंदवा आणि विमा कंपनीला कळवा. पोलिसांत तक्रार वेळेत दिली असेल, तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० आणि २०२२ मध्ये सांगितलं आहे. कंपनी दोन्ही चाव्या मागते, तेव्हा दुसरी चावी कुठे आहे तेही आजच बघून ठेवा.

अलार्म नंतर घेतला तरी चालेल. विम्याची तारीख मात्र आज बघा.