बाटलीवर लेणी नकोत, बोंडाला भाव द्या

शिमग्याला मुंबईहून आलेले आमचे एक पाहुणे काजूच्या बागेत उभे राहून म्हणाले, "इथं वायनरी टाका. बाटलीवर पन्हाळेकाजीची लेणी छापा. युरोपात जुने मठ नि जुन्या वेली यांच्या नावावर वाईन खपते, इथंही खपेल." पायाखाली बोंडांचा चिखल, वर चिलटं. तेव्हा नुसतं "बघू" म्हटलं. आता नीट लिहितो.

युरोपातल्या मठांना वाईन प्रार्थनाविधीसाठीच लागायची. बर्गंडीतल्या साधूंनी पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षमळे राखले, ते खरंच त्यांचं काम होतं. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीची गोष्ट वेगळी. तिथं २९ लेणी. आधी बौद्धांची, पुढे नाथपंथीयांचाही वावर. आता पंचशीलातलं पाचवं शील आठवा: मद्य वर्ज्य! त्या भिक्षूंचं घर वाईनच्या बाटलीवर छापायचं? बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगडात आहे. ज्यांना हे लागेल ती माणसं आपल्याच वाडीत राहतात.

बरं, मठांचा वारसा हवाच असेल तर तो आपल्या परड्यात आहे. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. आंब्याच्या कलमांचं श्रेय गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांना देतात, आणि हापूस हे नावच मुळी अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलेलं. जुन्या वेली नसल्या तरी आजोबा-पणजोबांनी लावलेली झाडं आहेत. हे छापा की, खरं तरी आहे.

पण माझा खरा मुद्दा बोंडाचा. एक किलो बी काढली की सहा-आठ किलो बोंडं मागे उरतात. आपण बी पिळून घेतो नि बोंड टाकतो. फार तर गुरं खातात. गोव्यात झाडाखाली पडलेलं पिकलं बोंडच वेचतात, रस काढून आंबवतात, भट्टी लावतात. आधी उर्राक, मग फेणी. २००९ मध्ये फेणीला जीआय मिळालं. फळ तेच, माती जवळपास तीच.

आपल्या सरकारनं एप्रिल २०२२ मध्ये काजूबोंडाच्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी' दर्जा द्यायचं ठरवलं. (ब्राझीलचं झाड म्हणून विदेशी म्हटलं असेल, तर इतिहासाचा अभ्यास चांगला आहे!) आमच्या बागेत त्यानं काही फरक पडला नाही. बोंड दुसऱ्या दिवशी आंबतं. ते संध्याकाळच्या आत उचलणारा टेम्पो आणि हंगामाआधी ठरलेला दर, एवढं असेल तरच शेतकरी वेचेल. वेचणाऱ्या बायकांची रोजंदारीही त्यातूनच निघायला हवी.

दारूनं उठलेली घरं मी पाहिलीत, त्यामुळे "आणखी दारू कशाला?" असं विचारणाऱ्या आयाबहिणींना मी उडवून लावणार नाही. त्यांना विचारूनच परवानगी द्यावी. नको म्हणाल्या तर सरबत, सिरप करा. टेम्पो आणि दर त्यालाही लागतोच.

पाहुण्यांना काल फोन करून एवढंच विचारलं, "तुमची वायनरी बोंड किलोला काय दरानं घेणार?" म्हणाले, "ते नंतर बघू, आधी ब्रँडिंग."

तुमच्या गावात कुणी बोंडं विकत घेतं का? काय दर मिळाला? गावाच्या नावासकट सांगा.