लघवीतले रक्त आणि नशिबाला दोष

“कर्करोग मुळातच अंगात असतो, त्याला कोण काय करणार?” असे आमच्या कानांवर वारंवार येते. हल्ली ‘जनुके’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाल्यापासून या निराशेला शास्त्राचाच आधार मिळाल्यासारखे लोकांना वाटते. आम्हांस हे मान्य नाही. का, ते इजिप्तच्या शेतकऱ्याच्या उदाहरणावरून सांगतो.

नाईल नदीच्या कालव्यांत एक लहानशी गोगलगाय असते. तिच्यातून सुटलेल्या जंताच्या सूक्ष्म अळ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. हा जंत थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टराने १८५१ साली कैरो येथे शोधून काढला. मादी मूत्राशयाजवळच्या रक्तवाहिन्यांत अंडी घालते. अंड्याच्या टोकाला काटा असतो. काही अंडी लघवीवाटे बाहेर पडतात. उरलेली मूत्राशयाच्या भिंतीत रुतून बसतात आणि तेथे वर्षानुवर्षे दाह चालू राहतो. लघवीतून रक्त जाऊ लागते.

आता जनुकांचे पाहू. बैलाला जशी वेसण, तशी पेशीच्या वाढीला आवर घालणारी काही जनुके असतात. पी-५३ आणि पी-१६ ही त्यांतलीच. सततच्या दाहातून निर्माण होणारी द्रव्ये आणि रोगट लघवीत वाढणाऱ्या जंतूंनी तयार केलेली विषारी रसायने या जनुकांना इजा करतात. अशा रुग्णांच्या गाठींत पी-५३ बिघडलेले आणि पी-१६ पुष्कळदा नाहीसेच झालेले आढळते. वेसण तुटली की पेशी मोकाट सुटते. पण ध्यानात घ्या, हा बिघाड आईबापांकडून आलेला नसतो. तो कालव्याच्या पाण्यातून येतो. प्राझिक्वान्टेल हे औषध गावोगाव पोहोचले, जंत कमी झाला, तसा इजिप्तमध्ये या प्रकारचा कर्करोगही घटला.

आपल्याकडे १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात या प्रकारच्या जंताचे रुग्ण आढळल्याची नोंद आहे. पण हा रोग आपल्याकडे पसरला नाही. आपला वैरी निराळा. बिडी-सिगारेटच्या धुरातील विष रक्तातून लघवीत उतरते, मूत्राशयात साचून राहते आणि तेथील जनुकांची तशीच नासाडी करते. निपाणीकडच्या आमच्या बांधवांना तंबाखू पोटाला देतो, हे आम्ही जाणतो. पीक बदला असे एका दमात सांगणे सोपे नाही. पण बिडी सोडा, हे सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

आणखी एक. लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखत नसले तरी, उन्हाळी लागली म्हणून धण्याचे पाणी पीत बसू नका. पुरुषमाणसे लाजेने घरातही सांगत नाहीत. बायकांनो, तुम्हीही लपवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन लघवी तपासून घ्या. जे वेळीच टाळता येते, त्याला नशीब म्हणू नये.