गाडी बांधण्याआधी पासिंगचं विचारा

घरी स्वतःच्या हाताने मोटार बांधायला निघालेल्या अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक भावाला एक गोष्ट सांगायची आहे. ऐकून मन खट्टू होईल, तरी सांगतो. भंगारातलं इंजिन, स्वतः वेल्ड केलेली चेसिस आणि स्वतः ठोकलेला पत्रा असलेल्या एकट्या घरगुती गाडीला आज आपल्याकडे पासिंग मिळत नाही. अमरावतीचा एमएच 27 नाही, अकोल्याचा एमएच 30 नाही, दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याचाही नाही. पैसे आणि वर्ष-दोन वर्षं खर्ची पडल्यावर हे कळण्यापेक्षा पहिला अँगल कापायच्या आधी कळलेलं बरं.

आपल्या वऱ्हाडात हात असलेली माणसं कमी नाहीत. एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, परतवाड्याच्या नि अकोटच्या गॅरेजमध्ये, बडनेऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दुचाकीच्या इंजिनावर चार चाकं पळवून दाखवतील अशी पोरं आहेत. व्हिडिओ निघतो, गाव गोळा होतं, पेपरात फोटो येतो. पासिंगचा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नाही आणि गाडी तयार झाल्यावर तोच समोर उभा राहतो.

आरटीओतला माणूस मुद्दाम अडवतो असं समजू नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 39 प्रमाणे नोंदणीशिवाय मोटार चालवता येत नाही. नोंदणीसाठी नमुना 20 मध्ये अर्ज करायचा. त्याला विक्रेत्याचं विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 21, आणि गाडी बनवणाऱ्याचं नमुना 22 जोडायचं. गाडी प्रदूषणाच्या, सुट्या भागांच्या सुरक्षिततेच्या आणि रस्त्यावर चालण्याच्या अटी पाळते, असं हमीपत्र म्हणजे नमुना 22. ते कंपनीला मनाने लिहून देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 126 प्रमाणे आधी गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआय, अहिल्यानगरच्या व्हीआरडीई किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्थेकडून तपासून पास करून घ्यावा लागतो. मग त्या मॉडेलची नोंद सरकारी संगणकात होते आणि आरटीओच्या बाबूला पडद्यावर मेक आणि मॉडेल दिसतं. तुमच्या गाडीचं तिथे नावच नसतं. त्याने कितीही मनावर घेतलं तरी भरायला रकाना नाही.

मग आपणच ती तपासणी का करून घेऊ नये, असं काही जण विचारतात. तपासणी कशी असते ते आधी समजून घ्या. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाडीला बीएस-6 ची प्रदूषण मर्यादा आहे. जुन्या मारुतीचं किंवा मोटारसायकलचं इंजिन त्यात बसत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, पट्टे, काचा, सगळ्याची वेगळी चाचणी होते. त्यावर प्रवासी मोटारीची समोरून आणि बाजूने टक्कर देऊन चाचणी होते, आणि त्यात गाडी मोडते. कंपनीजवळ मोडायला चार गाड्या असतात, तुमच्याजवळ एकच. खर्च लाखांच्या घरात जातो. हजारो गाड्या विकणाऱ्यासाठी बांधलेली ही व्यवस्था आहे, एकच गाडी बांधणाऱ्याचा विचार तिच्यात केलेलाच नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेची गोष्ट अनेकांना आठवत असेल. 2021 च्या डिसेंबरात तिथल्या एका कारागिराने भंगारातल्या भागांतून बांधलेली, मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी छोटी चारचाकी देशभर गाजली. खर्च सुमारे 60 हजार रुपये सांगितला गेला. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण त्याच दमात लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या स्थानिक अधिकारी ती चालवू देणार नाहीत. गाडीच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती त्या कुटुंबाच्या दारात उभी राहिली. लोकांनी लक्षात ठेवली बोलेरो. मला त्यातलं नियमांबद्दलचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. देशातल्या मोठ्या मोटार उद्योगपतीलाही त्या गाडीला पासिंग मिळवून देतो असं म्हणता आलं नाही. आणि गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाला बोलेरो मिळत नसते.

आपल्या मुलखाला हे वेड नवं नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 साली आपली पहिली छोटी मोटार उभी केली, तिचं नाव ‘मीरा’. पुढे 1970 च्या दशकापर्यंत ते ती सुधारत राहिले. माणूस फार शिकलेला नव्हता, पण गाडी खरी होती. उत्पादनाचा परवाना मात्र मिळाला नाही आणि मीरा कारखान्यापर्यंत पोचलीच नाही. हुशारी असूनही कागदाने अडणं ही आपल्याकडची जुनी व्यथा आहे, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

आता मुख्य भीतीचं सांगतो, कारण तिचा कोणी हिशेब करत नाही. ज्या गाडीला आरसी नाही तिला विमा नाही. कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवता येत नाही. दंडाची रक्कम ऐकून अनेक जण हसण्यावारी नेतात: विनानोंदणीचे पहिल्या वेळी 2 ते 5 हजार, पुन्हा सापडलात तर 10 हजारांपर्यंत किंवा एक वर्षापर्यंत कैद. गाडी जप्तही होते. पण खरा फटका दंडाचा नाही, अपघाताचा आहे. समजा तुमच्या गाडीखाली महिन्याला 15 हजार कमावणारा 30 वर्षांचा माणूस गेला. मागे बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या रीतीने हिशेब करतं. वर्षाचे 1 लाख 80 हजार, त्यात पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवून 2 लाख 52 हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 1 लाख 89 हजार. त्याला त्या वयाचा गुणक 17. झाले 32 लाख 13 हजार. इतर रकमा आणि व्याज वेगळं. विमा कंपनी नाही, म्हणजे हे सगळं तुमच्या सातबाऱ्यावर येतं. वावर विकून भरावं लागेल, आणि ज्याच्या घरचा माणूस गेला त्यालाही पैसे वेळेवर मिळणार नाहीत. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटरचा एकेरी डांबरी पट्टा सलग टाकण्याचा विक्रम झाला, तेव्हापासून तिथला वेग आपण पाहतोच. घरी वेल्ड केलेल्या स्टिअरिंगच्या भरवशावर तिथे लेकरं घेऊन जाऊ नका.

‘आम्ही तर वावरातच चालवतो’ हे उत्तर पुष्कळदा ऐकू येतं. कलम 39 मध्ये ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ असे शब्द आहेत. सूट आहे ती फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायला खास बनवलेल्या वाहनाला, कारण कायदा त्याला मोटार वाहन मानत नाही. कुंपणाच्या आतलं आवार आणि गावाची पांदण यांत फरक आहे. जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक, मग ती डांबरी असो की चिखलाची. ‘हे तर जुगाड आहे, मोटार नाही’ हाही बचाव चालत नाही. जुगाड हे मोटार वाहनच आहे आणि नोंदणी-विम्याशिवाय ते रस्त्यावर आणता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या एका प्रकरणात 2013 सालीच सांगून टाकलं.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते ‘कागद करून देतो’ म्हणणाऱ्यापासून. त्याची रीत ठरलेली असते. भंगारात गेलेल्या गाडीचं आरसी बुक घ्यायचं, तिचा चेसिस नंबर कापून तुमच्या चेसिसला जोडायचा, आणि तुमची गाडी त्या मेलेल्या गाडीच्या नावाने फिरवायची. हे पासिंग नव्हे, गुन्हा आहे. चोरीच्या गाड्यांच्या तपासात पोलिस पहिल्यांदा चेसिस नंबरच बघतात. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने 14 दिवसांत कळवून आरसी जमा करायची असते. तसं झालं असेल तर ते बुक रद्दच झालेलं असतं, झालं नसेल तर गाडीच्या मागे कोणाचं कर्ज, कोणाचा खटला आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

हाच धोका जीपच्या हौशीत आहे. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत जुन्या भागांतून सुंदर जीपा उभ्या राहतात आणि फोनवर बघून आपल्याकडची पोरं पैसे पाठवतात. तिथल्या कारागिरांच्या हाताला नाव ठेवण्याचं कारण नाही. पण पैसे देण्याआधी आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर लोखंडावरच्या नंबराशी जुळतो का ते स्वतः बघा. कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडी कोणत्या सालची, कोणत्या रंगाची, किती आसनांची लिहिली आहे ते वाचा. त्या राज्याची एनओसी म्हणजे नमुना 28 आधी मागा. मूळ गाडीच्या आरसीत लिहिलेलं आणि समोर उभी असलेली गाडी यांत फरक असेल तर कलम 52 आडवं येतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

हाताला काम मात्र हवंच, आणि कायद्याने उघड्या ठेवलेल्या वाटा आहेत. नोंदणी झालेल्या गाडीला मान्यताप्राप्त सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट बसवता येतं, अधिकृत केंद्रातून बसवून आरसीत नोंद करून घेतली की झालं. दिव्यांग माणसासाठी गाडीत बदल करता येतो आणि तो कायद्याला मान्य आहे. हाताने क्लच-ब्रेक चालतील अशी सोय करून देणारे चांगले फिटर आपल्याकडे वाढले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. कापसाच्या पैशाच्या काळात घेतलेली एखादी मोटार जुन्या वाड्यात पडली असेल आणि 50 वर्षांहून जुनी असेल, तर 2021 च्या नियमांप्रमाणे तिची विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबराने नोंदणी होऊ शकते. शुल्क 20 हजार, मुदत 10 वर्षं. रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन-रॅलीला चालेल. पण मूळ चेसिस, बॉडी, इंजिन बदललेलं नको, म्हणून तिला हात लावण्याआधी फोटो काढून ठेवा. आणि शिकणाऱ्या पोरांनी आपली शून्यातून बांधलेली गाडी इंदूरजवळ पिथमपूरला होणाऱ्या ‘बाहा’सारख्या स्पर्धेत उतरवावी. 2007 पासून देशभरची कॉलेजं तिथे येतात. गाडीची खरी परीक्षा बंद मैदानावर होते आणि ती बघायला गाड्यांच्या कंपन्यांची माणसं असतात. नोकरीच्या अर्जात ते काम आरसी बुकापेक्षा जड भरतं.

एक मागणी सरकारकडे आहे आणि ती आपण सगळ्यांनी करायची आहे. ब्रिटनमध्ये एकेकट्या घरगुती गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची पद्धत आहे. तिथला अधिकारी ब्रेक, दिवे, धूर, धारदार कडा तपासतो आणि पास झाली तर नंबर मिळतो. आपल्याकडे असं होणारच नाही म्हणू नका. ई-रिक्षा अशाच नियमाबाहेर चालत होत्या. जुलै 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली, ऑक्टोबरमध्ये नवे नियम निघाले आणि 2015 मध्ये कायदाच बदलला. चालवणाऱ्यांनी संघटित होऊन मागितलं म्हणून ते झालं. कमी वेगाच्या, एका-दोघांच्या, घरी बांधलेल्या गाडीसाठी वेगळा वर्ग आणि जिल्ह्याजवळ परवडणारी तपासणी मिळावी, असं निवेदन आमदार-खासदारांना, परिवहन आयुक्तांना आणि केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला द्या. इंजिनिअरिंग कॉलेजांनी त्यात पुढे यावं, मोजमापं आणि आकडे त्यांच्याजवळ आहेत.

तोवर एवढं करा. गाडी बांधायचा विचार असेल तर दोन ओळींचा अर्ज लिहून आपल्या आरटीओत द्या, कशी गाडी बांधणार ते लिहा, पासिंग होईल का विचारा, पोच घ्या आणि उत्तर लेखी मागा. कोणाच्या तोंडी शब्दावर लोखंड आणू नका. गाडी आधीच तयार असेल तर ती आवारात ठेवा, मुलांना दाखवा, शाळा-कॉलेजच्या प्रदर्शनात ट्रकवर चढवून न्या. चालवत रस्त्यावर मात्र आणू नका, आणि चावी घरातल्या लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका.